आमची काही अपेक्षा नाही, फक्त लग्न चांगलं करून द्या

«ताई, मी सत्तावीस वर्षांची. गाव कराडजवळ, नोकरी पुण्यात, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मुलगा बार्शीचा, तोही पुण्यातच असतो. आमचं आम्ही जमवलं, दोन्ही घरांनी मान्य केलं. वैशाखात, मे महिन्यात लग्न करायचं म्हणतोय. माझे साडेतीन लाख साठलेत, त्याचे अडीच, असे सहा लाख. वडील एसटीत ड्रायव्हर होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या पैशांना हात लावायचा नाही असं मी ठरवलंय, कारण धाकट्या भावाचा डिप्लोमा अजून व्हायचाय. पण वडील म्हणतात, सातशे माणूस होणारच, मी सगळ्यांच्या लग्नात जेवलोय. कमी पडले तर पतसंस्थेतून पाच लाख उचलतो. सासरचे म्हणतात, आमची काही अपेक्षा नाही, फक्त लग्न चांगलं करून द्या. मला साधं पण सुंदर लग्न हवंय. सहा लाखांत होईल का? डेकोरेशन, साड्या, फोटो यांत कुठे वाचवता येईल?»
— क., कराड

प्रिय क.,

होईल. सहा लाखांत देखणं लग्न होतं. पण तू डेकोरेशन, साड्या आणि फोटोंचं विचारतेस. या तिन्हींत मिळून वाचून वाचणार किती? फार तर पन्नास-साठ हजार. तुझा खरा खर्च ठरणार आहे तो तुझ्याच पत्रातल्या दोन वाक्यांवर. एक वडिलांचं, एक सासरचं. त्यांचा निकाल आधी लावू, मग फुलांकडे वळू.

सासरचं आधी घेते. «आमची काही अपेक्षा नाही, फक्त लग्न चांगलं करून द्या.» महाराष्ट्रात या वाक्यानं जेवढ्या मुलींच्या बापांना कर्जात घातलं असेल तेवढं उघड मागणीनंही घातलं नसेल. मागणीला आकडा असतो. हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, मध्यावर येता येतं. या वाक्याला आकडाच नाही. बोलणारी माणसं वाईट असतात असंही नाही. त्यांना खरंच वाटत असतं की आपण काही मागत नाही. पण «चांगलं» म्हणजे काय हे बार्शीत एक असतं, कराडात दुसरं, आणि ते कळतं कधी, तर पत्रिका वाटून झाल्यावर. मग हळूच एकेक बाहेर येतं: कार्यालय एसी असतं तर बरं झालं असतं, वऱ्हाडाला लक्झरी पाठवाल ना, आमच्याकडच्या पंचवीस मानकऱ्यांना फेटे आणि पूर्ण पोशाख लागतो बरं का. तेव्हा कोण नाही म्हणणार?

यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे, याद्या. बैठक घ्या आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर कागदावर लिहा. कार्यालय, जेवण, कोणाकडची किती माणसं, वऱ्हाडाची गाडी, बस्ता, सोनं, वाजंत्री, भटजी, फोटो. पूर्वी मुलाकडचे सांगायचे आणि मुलीकडचे मान खाली घालून लिहून घ्यायचे. तुम्ही प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखा, मुलीकडून किती आणि मुलाकडून किती. काही घरांत हीच बैठक इतकी जुळून येते की हार मागवून तिथल्या तिथे लग्न लावतात, यादीवर शादी. मला ती पद्धत फार आवडते, पण तुला तुझा दिवस हवा आहे आणि त्यात काही चूक नाही.

मात्र बैठकीच्या आधीचं बोलणं तू करायचं नाहीस आणि तुझ्या वडिलांनीही नाही. मुलानं करायचं, स्वतःच्या घरी बसून, स्वतःच्या आईशी. «आई, लग्नाचे पैसे आम्ही दोघं घालतोय. सहा लाख आहेत, त्यातले अडीच माझे. आपल्याकडची माणसं शंभर. तुझी एक हौस सांग, ती काहीही करून पुरी करू.» एकच हौस विचारायची. बहुतेक आयांचा जीव एखाद्याच गोष्टीत अडकलेला असतो. कुणाला सून पैठणीत पाहायची असते, कुणाला मारुतीच्या देवळापासून वाजतगाजत परण्या हवा असतो. ती एक गोष्ट मनासारखी झाली की बाकीच्या दहांवर फारसा वाद होत नाही. आणि त्याला हे आईशी बोलता येत नसेल, तर अडचण बजेटची नाही, वेगळीच आहे. ती मेच्या आधी कळलेली बरी.

यादीत अमुक तोळे, गाडी, फ्लॅटचं डाउन पेमेंट असलं काही अट म्हणून आलं, तर तो हुंडाच. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं घेणं गुन्हा आहे आणि देणंही. तुझ्या पत्रावरून तशी शंका येत नाही, पण लिहून ठेवते.

आता वडील. ते हट्टी आहेत असं मला वाटत नाही. ज्याच्या पंगतीत आपण बसलो त्याला आपल्या पंगतीत बसवायचं, हा त्यांचा हिशेब आहे आणि तो पैशांचा नाही. त्यामुळे «बाबा, परवडत नाही» म्हणून उपयोग नाही. त्यावर त्यांचं उत्तर तयार आहे, पतसंस्था.

म्हणून त्या पतसंस्थेचं गणित आधी वहीत मांडून दाखव. पाच लाख, समजा १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण ११,६३० रुपये. पाच वर्षांत जवळजवळ सात लाख भरायचे, त्यातले दोन लाख नुसतं व्याज. एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाला मिळते ती ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन, आणि ती बहुतेकांची काही हजारांतच असते. हप्ता तिच्यापेक्षा मोठा होणार. मग तो भरणार कोण? भाऊ शिकतोय. म्हणजे तूच, पुण्याचं घरभाडं भागवून, संसाराची पहिली पाच वर्षं. एवढं करून मिळालं काय, तर मी पुढे सुचवते त्या दोनशे वीसांऐवजी कार्यालयात सातशे माणसं.

ताटाचा दर साडेतीनशे धरला तर सातशे माणसांचे २,४५,००० होतात आणि दोनशे वीसांचे ७७,०००. पण माणूस वाढला की नुसतं ताट वाढत नाही. कार्यालय मोठं लागतं, खुर्च्या वाढतात, पाण्याचे जार वाढतात, वाढपी वाढतात, गाड्या लावायला मैदान लागतं. सुंदर लग्नाचा सगळ्यात मोठा शत्रू महागाई नाही, गर्दी आहे.

हे सगळं सांगूनही ते मानणार नाहीत, कारण मुद्दा पैशांचा नाहीच. तेव्हा त्यांच्या बाजूनं विचार कर. सातशे माणूस कार्यालयात आलं तर सहाशे जणांना तुझे वडील भेटणारही नाहीत. ते कधी भटजींकडे पळत असतील, कधी केटररकडे, नाही तर कोणाची तरी गाडी काढायला सांगत असतील. माणसं जेवतील, पाकीट देतील आणि जातील. यात कोणाची परतफेड झाली? त्यापेक्षा असं सुचव. लग्नाला दोन्हीकडचे मिळून दोनशे वीस. आणि लग्नानंतर दोन-चार दिवसांनी गावात घरी सत्यनारायण, त्या संध्याकाळी भावकीला आणि गावाला जेवण. केटरर नाही. गावातला आचारी बोलवायचा, शिधा आपण आणायचा, भांडी मंडळाची, वाढायला तरुण मंडळाची पोरं. भात, आमटी, वांग्याची भाजी, लापशी नाही तर बुंदी. याचा माणशी खर्च केटररच्या दरापेक्षा बराच खाली येतो. मुख्य म्हणजे त्या पंगतीत तुझे वडील स्वतः हातात बादली घेऊन फिरतील, प्रत्येकाला नावानं हाक मारून आग्रह करतील. त्यांच्या मनातला हिशेब तिथे फिटेल. डेपोतल्या सोबत्यांसाठी एक दुपार डेपोतच पेढे आणि चहा. ते पेढे वडिलांनी एकट्यानं नाही, तुम्हा दोघांना घेऊन न्यायचे.

कार्यालयातल्या दोनशे वीसांची यादी करताना एक युक्ती. नावं खोडायला बसू नकोस, खोडण्यावरून भांडण होतं. कोरी वही घे आणि वडिलांना म्हण, ज्यांच्यावाचून अक्षता पडणार नाहीत त्यांची नावं आधी सांगा. शंभराच्या आसपास त्यांचा वेग आपोआप मंदावतो. उरलेले आपसूक गावजेवणाच्या पानावर जातात.

माणसं ठरली की निम्मं काम झालं. मग तारीख.

मे महिना म्हणजे लग्नसराईचा कळस. सुट्ट्या असतात हे खरं, पण रविवार सगळ्यांनाच हवा असतो. तुमची बहुतेक माणसं गावाकडची आहेत, त्यांना बुधवार काय आणि रविवार काय. आठवड्यातला मधला दिवस घेतलात तर कार्यालयाशी घासाघीस करता येते, चांगला फोटोग्राफर मोकळा मिळतो. शिवाय पंचांगात अधिक महिना कुठे येतो ते बघ. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अशा वर्षी लोक अधिकात लग्नं टाळतात आणि त्याआधीच्या दोन-चार आठवड्यांत सगळ्यांची झुंबड उडते. मेचा हट्ट नसेल तर तुळशीचं लग्न झाल्यावर मार्गशीर्षातले मुहूर्त बघ. हवा थंड, पाहुणे ताजेतवाने, आणि पैसे जमवायला तुम्हाला आणखी सहा महिने.

मेमध्येच करायचं असेल तर सकाळचा मुहूर्त घ्या. गोरज मुहूर्त फोटोत छान दिसतो, पण तुमच्याकडे वैशाखातल्या दुपारनंतर वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो. वारा सुटला की कापडी मांडव आधी उडतो. संध्याकाळच्या लग्नाला रोषणाईचा आणि जनरेटरचा खर्च वेगळाच. मुहूर्त बाराच्या आत, जेवणं अडीचपर्यंत, चारला पाहुणे वाटेला. साखरपुडा त्याच दिवशी सकाळी. हळद आदल्या संध्याकाळी घराच्या अंगणात, कार्यालयात नाही. पुण्यात वेगळं रिसेप्शन नको. लॅबमधल्यांना आणि मित्रांना घर लावून झालं की चहाला बोलव.

कार्यालयाचं भाडं सांगतात तो शेवटचा आकडा समजू नकोस. लाइटबिल वेगळं का, साफसफाई वेगळी का, सिलिंडर कोणाचे, खोल्या आदल्या रात्रीपासून मिळणार का, डिपॉझिट कधी परत, बाहेरचा केटरर चालतो का, आणि चालत असेल तर त्याच्याकडून कार्यालय काही घेतं का, कारण ते शेवटी तुझ्याच ताटाच्या दरात येतं. हे सगळं पावतीवर लिहून घे. झगमगीत लॉनपेक्षा देवस्थानाची, ज्ञातीसंस्थांची, सहकारी संस्थांची जुनी कार्यालयं बघ. भिंतींना रंग जरा फिका असेल, पण छत उंच असतं, हवा खेळती असते, विहीर नाही तर बोअर असते आणि पंगतीची सवय असते. मे महिन्यात या चार गोष्टी झुंबरांपेक्षा महत्त्वाच्या.

जेवणात काटकसर करू नकोस. पदार्थ कमी कर, पण जे करशील ते अव्वल असू दे. पाणीपुरी, नूडल्स, पास्ता यांचे काउंटर आले की माणसं ताट घेऊन उन्हात रांगा लावतात आणि मसालेभात थंडगार होतो. तुमच्या घाटापलीकडे कोकण आहे. कुंभार्ली उतरलं की चिपळूण. मेच्या मध्यापर्यंत हापूसचा भाव मार्चच्या मानानं बराच उतरलेला असतो. आमरस-पुरी हेच पक्वान्न ठेवा. सोबत मसालेभात, साधं वरण-भात-तूप, बटाट्याची पिवळी भाजी, भरलं वांगं, कैरीची डाळ, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा. कुरडया-पापड घरचे, चैत्रातच करून ठेवायचे. जिलबी, गुलाबजाम, आइस्क्रीम काही नको, आमरसापुढे त्यांना कोणी विचारत नाही. फक्त रस एकदम काढून ठेवायचा नाही. पंगतीपंगतीला काढायचा आणि पातेलं बर्फात ठेवायचं. हे केटररला तोंडी सांगून भागत नाही. कोणी तरी मामी स्वयंपाकघरात उभी लागते.

केटररशी बोलताना दराइतकाच «किमान किती ताटांचे पैसे धरणार» हा आकडा महत्त्वाचा. उन्हात सगळे निमंत्रित येत नाहीत. दोनशे वीस अपेक्षित असतील तर एकशे ऐंशीची हमी दे, वरची ताटं मोजून. ताटं मोजायला दोन्हीकडचा एकेक माणूस. वाजंत्री, फोटोग्राफर, गाडीचे ड्रायव्हर यांची ताटं हिशेबात धर. ड्रायव्हरचं तर तुला सांगायला नको. जीएसटी धरून दर सांगितलाय की वरून लागणार, हेही आधीच विचार.

बस्ता. इथे तुमच्या भागातल्या लग्नांचे पैसे शांतपणे बुडतात. एका दुकानात दोन्हीकडची चाळीस माणसं गाद्यांवर बसतात, चहा येतो, आणि काकूच्या जावेच्या बहिणीसाठीसुद्धा साडी निघते. ती साडी ती बाई कधीच नेसत नाही. टॉवेल-टोपीचं तर विचारूच नकोस. एका लग्नात मिळालेली टोपी पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, आणि अशी किती लग्नं फिरून येते देव जाणे. तुम्ही दोघं, दोन्हीकडचे आईवडील, भावंडं, करवल्या. बस्ता एवढ्यांचाच. बाकी कोणाला काही द्यायचं नाही आणि कोणाकडून घ्यायचंही नाही. पत्रिकेवर तसं छापा. दोन्हीकडून बंद केलं तरच ते बंद होतं. एका बाजूनं चालू राहिलं तर मानपानाचे रुसवे ठरलेले.

तुझ्या साड्यांचं म्हणशील तर अष्टपुत्री नवी घे आणि आईचा शालू कपाटातून काढ. घडीवर विरला असेल तर काठ-पदर काढून नव्या कापडावर बसवून देणारे कारागीर असतात. हातमागाची अस्सल पैठणी या बजेटला जड जाईल. सासूबाईंची एक हौस तीच निघाली तर मात्र घ्यायची, आणि त्याच्या अडीच लाखांतून घ्यायची.

सोनं मात्र तुझ्या पत्रात कुठेच नाही! ते सहा लाखांत धरलंयस का? २०२५ मध्ये तोळ्यानं एक लाखाचा आकडा ओलांडला. दोन वाट्यांचं छोटं, रोज घालता येईल असं मंगळसूत्र आणि त्याची अंगठी, यापलीकडे नवं काही करू नकोस. आईच्या पाटल्या मोडायच्या असतील तर वजन आणि शुद्धता तुझ्यासमोर तपासून घे, घट किती धरली ते लिहून घे. नव्या दागिन्यावर एचयूआयडीचा, म्हणजे त्या दागिन्याच्या सहा अक्षरी-आकडी ओळखक्रमांकाचा हॉलमार्क बघ. आणि भावाबरोबर घडणावळीचीही घासाघीस कर. माणसं भावातच अडकतात आणि घडणावळीत हजारो सोडून येतात.

फोटोंना एक चांगला माणूस पुरे, प्री-वेडिंग नको. हवेच असतील तर एका सकाळी सात वाजता प्रीतिसंगमावर जा. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात ती जागा तुमच्या दारात आहे, तिला भाडं लागत नाही.

आता सुंदरतेचं बोलू. मे हा मोगऱ्याचा महिना. प्लास्टिकच्या फुलांची कमान आणि थर्माकोलची नावं यांना एक रुपया देऊ नकोस. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, बोहल्यामागे झेंडूच्या सरळ माळा, आणि बायकांच्या केसांत मोगरा. कळ्या आदल्या संध्याकाळी आणायच्या, हळद उरकली की अंगणातच सगळ्याजणींनी गजरे ओवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायचे. सकाळी दहाला ती टोपली उघडली की कार्यालयात कुठलाही सेंट मारायची गरज उरत नाही.

अंतरपाट भाड्याचा आणू नका. आजीच्या नऊवारीचा असेल तर उत्तम. कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, दोन टोकं दोन मामांच्या हातात. बाहेरून गायक आणून कॅराओकेवर मंगलाष्टका म्हणवतात तसलं काही करू नका. घरातली कोणी आत्या, काकू गाणारी असतेच. तिला महिनाभर आधी सांग, दोन मंगलाष्टकं तिनं स्वतः रचली तर फारच छान. सूर थोडा हलला तरी चालतो. अक्षता मागून फेकल्या की निम्म्या पुढच्या माणसाच्या मानेत जातात आणि उरलेला तांदूळ पायदळी. चिमूटभर अक्षता आणि ओंजळभर पाकळ्या, त्याही करवल्यांनी रांगेरांगेत वाटायच्या. डॉल्बी नको. तुमच्याकडे हलगी आहे, तिच्या साथीला झांजेसारखं कैताळ आहे. परण्याला हलगीचा तोडा घुमला की म्हातारी माणसंही फेटा सावरत पुढे येतात.

आणि एक गोष्ट वडिलांकडून आत्ताच कबूल करून घे: लग्नात सत्कार होणार नाहीत. बारा पस्तीसचा मुहूर्त, एक वाजला तरी माइकवर सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच यांच्या नावांचा पुकारा, शाल-नारळ, आशीर्वादपर दोन शब्द, आणि नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून घामानं निथळत उभे. हे एक टाळलंत तर तुमचं लग्न तालुक्यात लक्षात राहील. भटजींनाही आधी भेटून सांगा की विधी पूर्ण करा, पण सप्तपदीचं एकेक पाऊल मराठीत समजावून सांगा. लोक गप्पा थांबवून ऐकतात.

साधेपणानं केलं तर लोक काय म्हणतील, असं घरात कोणी म्हणालंच तर त्यांना तुमच्याच मातीची आठवण दे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तुमच्याच सातारा जिल्ह्यात. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, भटजीशिवाय, अगदी थोडक्या खर्चात. वधूवरांनी एकमेकांसमोर प्रतिज्ञा घेतल्या. आजही त्या पद्धतीनं लग्नं लागतात. तुम्हाला पटत असेल तर तीही वाट आहे.

कोणी सुचवेल की नुसतं रजिस्टर करून टाका. त्यात एक मेख आहे. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न म्हणायचं तर विधी झालेला असावा लागतो, विधीशिवाय नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. विधी अजिबात नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. तुम्ही विधीनं करणार असाल तर लग्नानंतर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंदणी करा. पत्रिका आणि लग्नातला फोटो जपून ठेवा, तिथे मागतात. नोंदणी पहिल्या महिन्यातच उरका, पुढे ढकललेली पुढेच जात राहते.

सहा लाखांची वाटणी मी अशी केली असती. लग्नातलं जेवण आणि गावजेवण मिळून एक लाख वीस हजार, कार्यालय आणि मांडव नव्वद, कपडे सत्तर, सोनं दीड लाख (आईच्या पाटल्या यात धरलेल्या नाहीत), फोटो पन्नास, फुलं-वाजंत्री-भटजी चाळीस, वऱ्हाडाची गाडी, पत्रिका आणि किरकोळ तीस. झाले साडेपाच. आकडे तुमच्या तिथल्या दरांप्रमाणे इकडेतिकडे होतील, पण एका ओळीत वाढलं तर दुसऱ्या ओळीतून काढायचं, बाहेरून आणायचं नाही.

राहिले पन्नास हजार. त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत हात लावू नकोस, कितीही सुंदर लेहेंगा दिसला तरी. त्या दिवशी सकाळपासून कोणी ना कोणी पैसे मागत येतं. जनरेटरचं डिझेल, जादा बर्फ, हलगीवाल्यांची बक्षिसी, पंक्चर झालेली गाडी. हे मागणारे तुझ्या वडिलांपर्यंत पोचता कामा नयेत आणि तुझ्यापर्यंत तर नाहीच. तुझ्या मामांपैकी जो सगळ्यात चिकट आहे त्याला आदल्या रात्री हे पैसे दे, शंभर-दोनशेच्या नोटांत, एका वहीसकट.